खुलासा : छातीचा एक्स-रे आणि बाळाच्या हृदयातली गाठ

‘छातीचा एक्स-रे काढला की लहान मुलाच्या हृदयातली स्नायूची गाठ दिसते, तो नॉर्मल आला की काळजी मिटली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत.

ही स्नायूची गाठ म्हणजे रॅब्डोमायोमा, मुलांच्या हृदयात सर्वाधिक आढळणारी मूळची (म्हणजे हृदयातच तयार झालेली) गाठ. ती कर्करोगाची नसते. एक्स-रेमध्ये हृदय, त्यातलं रक्त आणि गाठ यांची मिळून एकच पांढरी सावली पडते, त्यामुळे आतलं काही वेगळं ओळखता येत नाही. फार तर हृदयाचा आकार वाढल्याचं कळतं, आणि त्याची कारणं डझनभर असतात. निदान होतं ते इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने. कित्येकदा तर गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच, साधारण 20 आठवड्यांनंतर, या गाठी दिसतात. शंका उरली तर एमआरआय. तुकडा काढून तपासण्याची वेळ क्वचितच येते.

मजकुरात ‘ताबडतोब ऑपरेशन’ असंही म्हटलंय. हे तर उगाच घाबरवणं झालं. बहुतेक गाठी पहिल्या काही वर्षांत आपोआप आक्रसतात. रक्तप्रवाह अडत असेल किंवा ठोके गंभीरपणे बिघडत असतील, तरच उपचारांचा प्रश्न येतो.

खरी महत्त्वाची गोष्ट मात्र त्यात नाहीच. या गाठी, विशेषतः एकाहून अधिक असतील तर, बऱ्याचदा ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा भाग असतात. म्हणून अशा बाळाचा मेंदू, मूत्रपिंडं आणि त्वचाही तपासतात. आकडी येते का, याकडे पालकांनी लक्ष ठेवावं.