भाडं येतंय, पण रस्ता चालतोय का?

कोथरूडच्या मुख्य रस्त्यावरचा गाळा घ्यावा की नाही, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या रोज खल चालू आहे. मामांचं म्हणणं, रस्त्यावरचा गाळा कधी बुडत नाही. मामेभाऊ म्हणतो, ऑनलाइनच्या जमान्यात दुकानं संपली. घ्यायचाच तर डार्क स्टोअरला, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठी चालणाऱ्या, गिऱ्हाईकाला बंद असलेल्या दुकानाला, भाड्याने देता येईल असा घ्या, ती मंडळी तारखेला पैसे देतात. मँचेस्टरमध्ये बसून हे वाचताना मला दोघांचंही पटत नाही.

‘ऑनलाइनने मॉल बुडवले’ याला इथला दाखला हमखास दिला जातो. मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड सेंटर या मॉलची मालक कंपनी इंटू जून 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली हे खरंच. ऑनलाइनमुळे भाडी उतरली, त्यात कोरोना आला; पण डोक्यावर साडेचार अब्ज पौंडांच्या आसपास कर्ज नसतं, तर ती तगली असती असं मला वाटतं. मालक बदलला, ट्रॅफर्ड सेंटर आजही गजबजलेलं आहे. उलट शहरातल्या मार्केट स्ट्रीटवरचं डेबनहॅम्स हे मोठं दुकान 2021 मध्ये कायमचं बंद झालं. एवढं मोठं दुकान बंद पडलं की त्याच्या जिवावर चालणाऱ्या आजूबाजूच्या दुकानांचंही गिऱ्हाईक तुटतं.

म्हणूनच डार्क स्टोअरची मला काळजी वाटते. काचांना आतून कागद, दारात डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाकी, आत मोबाइलवरची यादी बघत रॅकमधून दूध-ब्रेड उचलणारी पोरं. भाडं चोख येतं, पण गिऱ्हाईक त्या दाराशी फिरकतच नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानाला त्याचा काय उपयोग? रस्त्यावर अशी तीन-चार शटर झाली की फ्रंटेजची, म्हणजे रस्त्याकडच्या दर्शनी भागाची, किंमत आपोआप उतरणार. शिवाय लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याची करारातली मुदत, संपल्यावर कंपनी दुसरीकडे गेली, तर मामांच्या हातात महागाचा गाळा आणि मेलेला रस्ता उरेल.

यंत्रांमुळेही मुख्य रस्त्याला बळ मिळणार नाही. ओकाडो या इथल्या ऑनलाइन किराणा कंपनीच्या गोदामांत रोबो जाळीवरून धावत किराणा गोळा करतात. त्याला उंच छत, सपाट फरशी आणि भरवशाची वीज लागते. ती गुंतवणूक चाकण-तळेगावकडे जाणार, कोथरूडच्या गाळ्यात नाही. दुकानातल्या यंत्रांचा अनुभव वेगळा आहे. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या सुपरमार्केटने 2023 मध्ये बहुतेक दुकानांतली, गिऱ्हाईकाने स्वतःच बिल करायची सेल्फ-चेकआउट यंत्रं काढून पुन्हा माणसं बसवली. लोकांना माणूस हवा होता.

पुण्यात हे कुणी शिकवायला नको. लक्ष्मी रोडवर अजून दहा साड्या उलगडून घेतल्याशिवाय बस्ता होत नाही. मॅचिंग सेंटरमध्ये बाई साडी आणि ब्लाउजपीस घेऊन दारात येते, उजेडात रंग पारखते, आत जाऊन दुसऱ्या ताग्याचा कपडा मागते. त्या दाराला आणि त्या उजेडाला पैसे मोजावेत, कारण ते काम फोनवर होत नाही. दवाखाना, चष्म्याचं दुकान, शिंपी, खानावळ यांचंही तेच.

मामांना मी लिहिलंय: डार्क स्टोअरलाच द्यायचा असेल तर मागच्या गल्लीतला स्वस्त गाळा बघा, त्यांना फ्रंटेजची गरजच नाही. मुख्य रस्त्यावरचा घेणार असाल, तर आधी शेजारच्या दुकानदारांकडे संध्याकाळी जाऊन बसा आणि गिऱ्हाईक किती येतंय ते बघा. ब्रोकरला त्यानंतर फोन करा.