सान इसिद्रो पाटावर येतो तेव्हा

शेजारच्या आजी परवा मला हाताला धरून सान इसिद्रोच्या सणाला घेऊन गेल्या. तेव्हापासून धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचा आमचा पाण्याचा पाट डोळ्यांसमोरून हलत नाहीये, म्हणून लिहितेय.

आम्ही राहतो न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीजवळ. सान इसिद्रो हा शेतकऱ्यांचा संत, त्याचा दिवस १५ मे. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा सालगडी. तो प्रार्थनेत रमला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरायचे, अशी कथा. जनाबाईंचं दळण विठोबाने दळलं हे ऐकत मोठी झालेली मी, मला ही कथा कुणी समजावून सांगावीच लागली नाही. त्याला १२ मार्च १६२२ला संतपद मिळालं. त्याच सोहळ्यात ते जुन्या गोव्यातल्या फ्रान्सिस झेव्हियरनाही मिळालं.

मूर्ती लाकडाची, हातभर उंच. पायाशी बैलजोडी, बाजूला चिमुकला देवदूत. प्रार्थना संपली, चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि सगळे गात गात थेट पाटावर गेले. पाटाला इथे आसेकिया म्हणतात. शब्द मूळचा अरबी, स्पेनमार्गे इथे आलेला. पाद्रींनी वाहत्या पाण्यावर, नांगरलेल्या रानावर, ट्रॅक्टरवरसुद्धा तीर्थ शिंपडलं. आजींनी पदराला बांधावेत तसे रुमालात बांधून आणलेले निळ्या मक्याचे दाणे पुढे केले. थेंब पडले तसा रुमाल पुन्हा घट्ट बांधला. मला म्हणाल्या, "मिहा, हे बियाणं." मिहा म्हणजे माझी लेक.

इथे स्पॅनिश बोलणारी वस्ती १५९८ पासून आहे. आपल्यातले अनेकजण या सगळ्यांना सरसकट 'मेक्सिकन' म्हणून मोकळे होतात, ते मला मनापासून खटकतं. या मातीत नवखे आपण आहोत.

पण खरी बोलायची गोष्ट पाण्याची. आसेकिया कुणा एकाची नसते. वसंतात सगळे खातेदार फावडी घेऊन गाळ काढतात. मायोर्दोमो पाळ्या लावतो, कुणाच्या रानात कधी पाणी सोडायचं ते बघतो. ऐकता ऐकता मला पांझरा नदीवरचे बंधारे दिसायला लागले. बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची आपली फड पद्धत याहून वेगळी काय होती? एका फडात एक पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, पाट साफ करायला अख्खा गाव. पुढे धरणं झाली, विहिरी आणि बोअर झाले, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आलं. आमच्याकडचा पाट आता काटेरी झुडपांनी भरलाय.

बोअर इथेही आहेत, आणि आसेकियांना पाणी पुरवणारा डोंगरावरचा बर्फही कमी होत चाललाय. तरी ही माणसं टिकून आहेत. मला वाटतं, वर्षातून एकदा देव खांद्यावर घेऊन सगळ्यांना त्या काठावर यावं लागतं, याचा यात फार मोठा वाटा आहे. एकमेकांशी भांडलेलेही येतात. ज्या पाण्याजवळ माणसं जमत नाहीत, ते पाणी कुणाचंच उरत नाही.

नंतर अंगणात लाल मिरचीतला राजमा आणि गरम तोर्तिया वाढल्या. आजींनी विचारलं, तुमच्याकडे मायोर्दोमोला काय म्हणतात? म्हटलं, पाटकरी. दोन-तीनदा घोळवून त्यांनी तो शब्द नीट म्हटला.

गावाकडच्या माझ्या भावंडांनो, पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी येतेय. गौराईची गाणी म्हणत बंधाऱ्यावर जाऊ, नारळ वाढवू आणि निदान आपल्या वावरापुरता तरी पाटातला गाळ काढू. फावडी तयार ठेवा.