रिकाम्या खुर्चीबद्दल: एका प्रशिक्षकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय महासंघांनी खेळाडूंना स्वतःचा प्रशिक्षक निवडू द्यावा, शिबिराची सरसकट सक्ती करू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की शिस्त गेली की संघ उरत नाही आणि दोन-चार नामवंतांच्या हट्टापायी बाकीच्यांचं नुकसान होतं. माझ्या लेखात प्रशिक्षकाला खलनायक केलंय, प्रत्यक्षात सगळ्यात असुरक्षित तोच असतो, असंही तुम्ही म्हणता. आणि कोर्टकचेऱ्या केल्या की आंतरराष्ट्रीय बंदी येते, ती भोगतात शेवटी खेळाडूच. शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही कधी एक तरी खेळाडू घडवलाय का?’

नाही, घडवलेला नाही. मी बरीच वर्षं टेबल टेनिसचा पंच होतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना काय चालतं ते अगदी जवळून पाहिलंय, पण पंचवीस वर्षं रोज पहाटे मुलांना घेऊन उभं राहणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. हे मान्य करूनच पुढचं लिहितो.

आधी माझी चूक. टेबल टेनिसपटू मनिका बत्राच्या प्रकरणात ‘राष्ट्रीय प्रशिक्षकांनी तिला सामना सोडायला सांगितलं’ असं मी सरळ विधान केलं होतं. ऑलिम्पिक पात्रता फेरीतल्या सामन्याबद्दलचा तो तिचा आरोप होता आणि आरोप म्हणूनच लिहायला हवा होता. तुम्ही दाखवून दिलंत ते बरोबर केलंत. मूळ लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलंय.

पण त्या प्रकरणातलं बाकीचं मी मागे घेणार नाही, आणि का ते सांगण्यासाठी मला एका रिकाम्या खुर्चीबद्दल लिहावं लागेल.

टेबल टेनिसमध्ये एकेरीच्या सामन्यात खेळाडूला सल्ला देणारी व्यक्ती एकच असते, आणि ती कोण हे सामन्याआधी पंचाला सांगावं लागतं. दोन गेमच्या मध्ये जास्तीत जास्त एक मिनिट मिळतं. खेळाडू टॉवेलने तोंड पुसत त्या खुर्चीपाशी येतो आणि प्रशिक्षक दोन-तीन वाक्यं बोलतो, त्याहून जास्त डोक्यात शिरतही नाही. ‘सर्व्हिस शॉर्ट ठेव.’ ‘तिच्या फोरहँडला घाई करू नको.’ त्या दोन वाक्यांमागे चार-पाच वर्षांची ओळख असते. घाबरल्यावर ही मुलगी घाई करते की एकदम आखडते, हे माहीत असलेला माणूसच ते बोलू शकतो.

एका राज्य स्पर्धेत मी पंचाच्या खुर्चीवर होतो. मुलींचा एकेरीचा सामना. त्या संघटनेचा नियम होता की बाजूला फक्त संघटनेने नेमलेला प्रशिक्षकच बसेल. नेमलेले प्रशिक्षक एक, आणि समोरची मुलगी त्यांच्याच अकादमीतली. ते अर्थातच तिच्या बाजूला बसले. या मुलीची खुर्ची रिकामी राहिली. तिचे स्वतःचे सर वर प्रेक्षकांत होते. तिसऱ्या गेमआधी त्यांनी हाताने काहीतरी खूण केली. परवानगी नसलेल्या माणसाने सल्ला दिला तर पंचाने लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर पाठवायचं असतं. मी तेच केलं. ते एक शब्द न बोलता उठून गेले. पुढच्या मध्यंतरात ती मुलगी खुर्चीकडे आली आणि मिनिटभर टॉवेलची घडी घालत आणि परत उलगडत उभी राहिली. मी घड्याळाकडे बघत होतो. नियमाच्या बाहेर मी काहीही केलं नव्हतं, आणि तरी त्या दिवशी माझ्या हातून एका मुलीवर अन्याय झाला असं मला आजही वाटतं.

म्हणून टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनिकाच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसली तेव्हा मला तो हट्ट वाटला नाही. तिच्या वैयक्तिक प्रशिक्षकाला सामन्याच्या जागी यायची परवानगी नव्हती आणि एकेरीत राष्ट्रीय प्रशिक्षकाचा सल्ला घ्यायला तिने नकार दिला. तशीच खेळत ती तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. महासंघाने तिला कारणे दाखवा नोटीस दिली. राष्ट्रीय शिबिराला हजर राहणं सक्तीचं, हा नियम ऑगस्ट २०२१ मधला, म्हणजे ऑलिम्पिक संपता संपता आलेला. शिबिराला गेली नाही म्हणून आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या संघातून ती वगळली गेली. सर, भांडण झाल्यावर केलेल्या आणि भांडणातल्याच एका बाजूला लागू पडणाऱ्या नियमाला मी शिस्त कशी म्हणू?

दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये त्या नियमाला स्थगिती दिली. नंतर दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि गुरबचनसिंग रंधावा यांची समिती चौकशीसाठी नेमली. रंधावा १९६४ च्या ऑलिम्पिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत पाचवे आलेले, म्हणजे खेळ आतून माहीत असलेला माणूस. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने महासंघाची कार्यकारिणी बाजूला सारून प्रशासकांची समिती बसवली. राष्ट्रीय प्रशिक्षक असताना स्वतःची खाजगी अकादमीही चालवणं हा हितसंबंधांचा संघर्ष आहे, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं. मला त्या राज्य स्पर्धेतली दुसरी खुर्ची आठवली.

आता तुमच्या शिस्तीच्या मुद्द्याकडे. दुहेरीची जोडी, रिले, हॉकीचा संघ, इथे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बॅटन देणारा एका गावात आणि घेणारा दुसऱ्या गावात सराव करून चालत नाही. तिथे शिबिर हवंच आणि ते सक्तीचंच हवं. माझ्या लेखात हा फरक मी केला नव्हता, तो राहून गेला. पण टोकियोतच बेलारूसच्या क्रिस्त्सिना त्सिमानोउस्काया या धावपटूचं काय झालं ते आठवा. तिचं नाव तिला न विचारता ४ बाय ४०० मीटर रिलेत घातलं गेलं, जी तिची शर्यतच नव्हती. तिने समाजमाध्यमावर प्रशिक्षकांवर टीका केली आणि तिला सामान आवरायला लावून विमानतळावर नेण्यात आलं. तिने तिथे जपानी पोलिसांकडे मदत मागितली म्हणून ती वाचली, पुढे पोलंडने आसरा दिला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने दोन प्रशिक्षकांची अधिस्वीकृती काढून घेतली. ते दोघेही शिस्तीचीच भाषा बोलले असतील. सक्ती कधी रास्त आणि कधी नाही हे शिस्त या शब्दावरून कळत नाही. नियम आधी लिहिलेला होता का, सगळ्यांना सारखा होता का, आणि दाद मागायला तिसरं कोणी होतं का, एवढ्यावरून ते कळतं.

माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या माणसापाशी येतं. आपल्याकडच्या बहुतेक महासंघांत संघ निवडणारे, प्रशिक्षक नेमणारे आणि तक्रार ऐकणारे हात तेच असतात.

आणि म्हणूनच प्रशिक्षकांबद्दलचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. मी तो लिहायलाच हवा होता. माझ्या ओळखीचे एक प्रशिक्षक आहेत, त्यांचा करार वर्षावर्षाचा. एका वर्षी निवड समितीच्या बैठकीत त्यांनी एका पदाधिकाऱ्याच्या शिफारशीला विरोध केला, तोही सभ्य शब्दांत. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची तारीख आली आणि गेली. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी पत्र दिलं नाही. शिबिराच्या आदल्या रात्री फोनवर एक ओळीचा निरोप आला की आपली व्यवस्था झालेली नाही. बॅग भरलेली होती. त्यांच्या शिट्टीची दोरी बॅगेच्या बाहेर लोंबत होती, ती ते मला दाखवत होते आणि बोलत दुसऱ्याच कशाबद्दल तरी होते. खेळाडू निदान बातमी होतो. प्रशिक्षकाचं असं काही झालेलं कोणाला कळतही नाही.

परदेशी प्रशिक्षकांना निदान बोलायला जागा असते. महिला हॉकी संघाच्या यानेके शॉपमन फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला इथे किंमत आणि आदर मिळत नाही असं उघड बोलल्या आणि काही दिवसांत राजीनामा देऊन गेल्या. फुटबॉलचे इगोर श्टिमाच यांना त्याच वर्षी जूनमध्ये काढलं, तर करारावरून वाद झाला आणि महासंघाला ४ लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. हातात नीट लिहिलेला करार असला तर काय फरक पडतो ते त्यात दिसतं. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यातल्या प्रशिक्षकाच्या हातात काय असतं? म्हणून मला वाटतं, सर, या प्रश्नात तुम्ही आणि खेळाडू समोरासमोर नाहीतच. तुम्हाला समोरासमोर उभं केलं गेलंय.

कुस्तीचं मी लेखात एका ओळीत उरकलं होतं, तुम्ही त्याला ‘रस्त्यावरचा तमाशा’ म्हटलंत. हा शब्द मला फार टोचला. जानेवारी २०२३ मध्ये ऑलिम्पिक पदकविजेते जंतरमंतरवर बसले, एप्रिलमध्ये पुन्हा बसले, २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलून नेलं. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण मेरी कोमच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा जे समोर आलं ते क्रीडा मंत्रालयानेच जाहीर केलं होतं: कायद्याने सांगितलेली अंतर्गत तक्रार समिती कुस्ती महासंघात रीतसर नेमलेलीच नव्हती. कायदा २०१३ चा. म्हणजे तक्रार घेऊन जायला दारच नव्हतं. आणि तक्रार अध्यक्षांविरुद्धच असेल तर मुलीने जायचं कोणाकडे? ते फुटपाथवर आले कारण आत जागा नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं मुलींचा छळ करत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षा सुनावली जाताना दीडशेहून जास्त जणी न्यायालयात बोलल्या. त्यांच्यातल्या काहींनी फार आधीच मोठ्या माणसांना सांगितलं होतं, ते दाबलं गेलं. ब्रिटनमध्ये जिम्नॅस्टिकची चौकशी झाली, २०२२ च्या त्या अहवालासाठी ४०० हून अधिक निवेदनं आली. वजनावरून अपमान, दुखापत असताना सराव, असं खूप काही त्यात आहे. तिथेही सुरुवातीला याला कडक शिस्तच म्हणत होते.

राहिला बंदीचा मुद्दा. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्या फुटबॉल महासंघाला निलंबित केलं तेव्हा गोकुलम केरळ या क्लबच्या मुली स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचलेल्या होत्या आणि न खेळता परत आल्या. त्यांचा काय दोष होता? काहीच नाही. इथपर्यंत आपण एकत्र आहोत. पण त्या बंदीचं निमित्त ठरलेले प्रशासक न्यायालयाला का नेमावे लागले? अध्यक्षांची तिसरी कारकीर्द डिसेंबर २०२० मध्ये संपली होती आणि दीड वर्ष निवडणूकच झाली नव्हती. कुस्तीवर ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने बंदी घातली तीही निवडणूक वेळेत न घेतल्याबद्दल. कुस्तीपटू अंतिम पंघालने त्यानंतर बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून ऑलिम्पिकची जागा मिळवली, ती तिरंग्याशिवाय. कोर्टात जाणाऱ्यांमुळे बंदी येते असं तुम्ही म्हणता. फुटबॉलमध्ये तरी मुदत संपूनही निवडणूक न घेणाऱ्यांमुळे ती वेळ आली.

तुम्ही नव्या कायद्याचा उल्लेख केलाय आणि आता तरी हा विषय संपवा असं म्हटलंय. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला, त्याचं मी स्वागत केलं होतं आणि अजूनही करतो. वादांसाठी क्रीडा लवाद, खेळाडूंची समिती, पंधरा जणांपर्यंतच्या कार्यकारिणीत किमान चार महिला, नामवंत खेळाडूंना जागा, हे सगळं बरंच आहे. पण मी तो वाचला तेव्हा प्रशिक्षकांसाठी कार्यकारिणीत राखून ठेवलेली जागा मला दिसली नाही. खेळाडूची कारकीर्द दहा वर्षांची, पदाधिकाऱ्याची बारा-पंधरा, आणि ज्याचं सगळं आयुष्य त्या मैदानावर जातं त्याला टेबलाभोवती खुर्ची नाही. यावर तुमच्यासारख्यांनी बोलायला हवं, आणि तुम्ही बोललात तर मी पंच म्हणून जे पाहिलं त्याहून ते फार मोलाचं असेल.

तेव्हा एक विनंती. तुमचा स्वतःचा करार कसा आहे, नूतनीकरण कोण ठरवतं, तुम्हाला काढलं तर तुम्ही कोणाकडे जाऊ शकता, हे लिहून पाठवा. नाव, खेळ, राज्य काहीही येणार नाही याची जबाबदारी माझी. माझ्याशी सहमत नसलात तरी तसंच्या तसं छापतो.