जिंकलं डेन्व्हर, चर्चा लेकर्सची

रोहित आणि विराट यांनी मे २०२५मध्ये पाच दिवसांच्या अंतरानं कसोटी क्रिकेट सोडलं, तेव्हापासून आमच्या नागपूरच्या शाळेच्या ग्रुपवर एक वाद अधूनमधून पेटतो. मित्रांचं म्हणणं असं की आपल्याकडे समालोचक बोर्डाचे पगारी, वाहिन्या बोर्डाच्या मर्जीतल्या, म्हणून दोन एवढे मोठे खेळाडू असे अचानक का गेले हे बोर्डाला कोणी खडसावून विचारलंच नाही. आणि मग मोर्चा माझ्याकडे वळतो. तुझ्या अमेरिकेत बघ, म्हणतात, बास्केटबॉलचा एवढा मोठा तारा लेब्रॉन जेम्स, त्याचेसुद्धा रोज टीव्हीवर वाभाडे काढतात, कोणाची भीडभाड ठेवत नाहीत. आपल्याला अशी पत्रकारिता कधी मिळणार?

मी डेन्व्हरला राहतो आणि इथल्या नगेट्स या बास्केटबॉल संघाचा पाठीराखा आहे. मित्रांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. हर्षा भोगले यांना २०१६च्या आयपीएलच्या तोंडावर समालोचनातून वगळलं आणि का, ते सांगितलं नाही. २०२०मध्ये संजय मांजरेकरांना बाहेर ठेवलं. ज्या मंडळाचं कौतुक करायचं तेच मंडळ समालोचक ठरवणार असेल, तर मंडळाबद्दलचा अवघड प्रश्न त्या खोलीत कोण विचारणार? यात वादाला जागाच नाही.

दुसरा भाग मात्र मला मान्य नाही. इथे टीव्हीवर जे चालतं त्याला निर्भीड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एनबीए या इथल्या बास्केटबॉल लीगनं २०२४मध्ये डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी ११ वर्षांचा प्रक्षेपण करार केला. रक्कम ७६ अब्ज डॉलर. ईएसपीएन ही डिस्नेची वाहिनी. म्हणजे जी वाहिनी लीगला पैसे देऊन सामने विकत घेते, तीच सकाळी उठून त्या लीगची ‘परखड’ चिकित्सा करते. ही चिकित्सा कशी असते? दोन-तीन माणसं टेबलाभोवती बसतात, खाली पट्टीवर एक प्रश्न असतो, आणि तो प्रश्न बहुतेक वेळा अमुक खेळाडू संपला का, तमुक पळपुटा आहे का, असा असतो. आदल्या रात्री झालेल्या सामन्याची दृश्यं दाखवतात, पण मागे, आवाज बंद करून. बचाव कसा बदलला, दुसऱ्या फळीतल्या पोरानं काय केलं, हे त्या तासाभरात आलं तर आलं. लेब्रॉनवर रोज टीका होते ती तो नावडता आहे म्हणून नव्हे. त्याचं नाव घेतलं की लोक चॅनेल बदलत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण आहे.

याचा फटका कोणाला बसतो ते डेन्व्हरनं पुरेपूर अनुभवलं आहे. २०२३च्या मे महिन्यात पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत नगेट्ससमोर लेब्रॉनचे लॉस एंजेलिस लेकर्स होते. पहिल्या सामन्यात आमच्या निकोला योकिचनं ३४ गुण, २१ रीबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि १४ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले. डेन्व्हर १३२-१२६ जिंकलं. दुसऱ्या दिवशी देशभर चर्चा कशाची? तर लेकर्सनी शेवटच्या काही मिनिटांत आपल्या रुई हाचिमुराला योकिचला अडवायला लावलं आणि आता त्यांना तोडगा सापडला, याची. आमचे तेव्हाचे प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी मालिका चालू असतानाच याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यांना चिडखोर ठरवण्यात आलं.

चौथा सामना मला अजून तपशिलात आठवतो. मध्यंतराला डेन्व्हर १५ गुणांनी मागे होतं. लेब्रॉननं पहिल्या अर्ध्यातच ३१ गुण ठोकले होते. सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात डेन्व्हरनं ३६ गुण केले आणि लेकर्सना १६वर रोखलं. आमचा जमाल मरे योकिचच्या खांद्याला घासून जायचा, त्याच्या मागचा बचावपटू योकिचच्या अंगावर अडायचा, आणि लेकर्सच्या दुसऱ्या माणसानं पाऊल कुठे टाकलं ते बघून योकिच ठरवायचा की चेंडू द्यायचा, ठेवायचा की डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात फेकायचा. तेच दोघं, तीच जागा, आणि दर वेळी वेगळं उत्तर. सामना संपायला मिनिटभरही नव्हतं तेव्हा योकिचनं संघाला पुढे नेलं, आणि शेवटच्या क्षणी लेब्रॉन बास्केटवर चालून आला तेव्हा डेन्व्हरच्या अ‍ॅरन गॉर्डन आणि मरे या दोघांनी मिळून त्याला अडवलं. ११३-१११. मालिका ४-०. १९७६मध्ये एनबीएत आलेला हा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला.

त्या रात्री लेब्रॉन पत्रकारांशी बोलताना म्हणाला की आता बऱ्याच गोष्टींचा विचार करावा लागेल. झालं. पुढचे काही दिवस लेब्रॉन निवृत्त होणार का, हा एकच विषय. लग्नात नवरदेव कोपऱ्यात उभा आणि सगळं वऱ्हाड रुसलेल्या मामाच्या मागे धावतंय, तसं झालं. अंतिम मालिकेत मायामीला ४-१ हरवून डेन्व्हरनं विजेतेपद मिळवलं, तेव्हा कुठे लोकांना योकिचचा खेळ नीट बघायची बुद्धी झाली.

त्यात आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे. २०१९च्या उन्हाळ्याअखेरीपासून २०२५च्या सुरुवातीपर्यंत, पैशांच्या वादामुळे, डेन्व्हरमधल्या सर्वांत मोठ्या केबल कंपनीवर नगेट्सचे स्थानिक प्रक्षेपण दिसतच नव्हतं. याच काळात योकिच तीनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, २०२१, २०२२ आणि २०२४मध्ये. जगातला सर्वोत्तम खेळाडू आपल्या गावात खेळतोय आणि गावातल्या हजारो घरांत तो दिसत नाही. अशा वेळी लोक राष्ट्रीय वाहिन्यांवर विसंबतात, आणि तिथे तर लेकर्स, वॉरियर्स आणि निक्स या बड्या संघांचीच चर्चा. २०१४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, योकिचची ४१व्या क्रमांकावर निवड झाली त्या क्षणी टीव्हीवर टॅको बेल या फास्ट-फूड साखळीची जाहिरात चालू होती, त्याचं नाव खालच्या पट्टीत येऊन गेलं. हा किस्सा इथे हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कारण पुढची नऊ वर्षं थोड्याफार फरकानं तेच चाललं.

मित्रांना ज्या ‘परखडपणा’चं अप्रूप आहे त्याचा खरा नमुना २०२३च्या मार्चमधला. योकिच सलग तिसऱ्यांदा एमव्हीपी होईल का, अशी चर्चा होती. माजी खेळाडू केन्ड्रिक पर्किन्स यांनी ईएसपीएनच्या ‘फर्स्ट टेक’मध्ये सुचवलं की मतदान करणारे पत्रकार ८० टक्के गोरे आहेत आणि कौल गोऱ्या योकिचच्या बाजूनं झुकतो. शेजारी बसलेल्या जे. जे. रेडिक यांनी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, क्लिप जगभर फिरली, आणि नंतर त्याच कार्यक्रमात खुलासा करावा लागला की मतदार मंडळ पर्किन्स म्हणाले त्यापेक्षा बरंच संमिश्र आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अमेरिकन क्रीडा-पत्रकारितेत वंशाचा प्रश्न खराच आहे. नोव्हेंबर २००४मध्ये डेट्रॉइटजवळ सामन्यात खेळाडू आणि प्रेक्षकांत मारामारी झाली, त्यानंतर कृष्णवर्णीय खेळाडूंना सरसकट गुंड म्हणून रंगवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी लीगनं खेळाडूंच्या कपड्यांवर नियम आणले. यावर नीट काम करायचं तर कोणी कोणाबद्दल काय लिहिलं ते वर्षानुवर्षांचं तपासावं लागेल. तो प्रश्न एका सकाळच्या भांडणासाठी, चुकीचा आकडा घेऊन वापरला. प्रश्नाचंही नुकसान झालं आणि योकिचचंही. त्या वर्षीचा मान फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बिडला मिळाला. त्याचीही कामगिरी तोडीची होती, पण ती कोणाच्या लक्षात राहिली?

हे सगळं नुसत्या तोंडाच्या वाफेचं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण एनबीएत पत्रकारांच्या मतावर खेळाडूची कमाई ठरते, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. एमव्हीपी आणि वर्षाचे सर्वोत्तम संघ, ज्यांना ऑल-एनबीए म्हणतात, हे पत्रकार आणि समालोचकांचं मंडळ निवडतं. त्यात नाव आलं तर विशिष्ट खेळाडूंना जास्त मोठ्या करारावर हक्क सांगता येतो. २०२१मध्ये बॉस्टनच्या जेसन टेटमचं नाव त्यात आलं नाही आणि त्याच्या करारातले सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर गेले. २०१९मध्ये क्ले थॉम्पसनचंही नाव हुकलं होतं, त्याचंही असंच मोठ्या कराराचं दार बंद झालं. जो माणूस सकाळी ओरडतो त्याच्यासारख्याच माणसाकडे संध्याकाळी ही मतपत्रिका असते. मतदार बेइमान आहेत असं मी म्हणत नाही. बरेचजण प्राण ओतून सामने बघतात. पण वर्षभर ज्याचं नाव कानावर आदळलं तेच नाव मतपत्रिकेवर आधी सुचणार, हा माणसाचा स्वभाव आहे. पगार आणि पत्रकारांचं मत यांची गाठ सोडवलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणि सट्टा. २०१८मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना क्रीडा-सट्टा कायदेशीर करायची मोकळीक दिली, आणि बघता बघता प्रक्षेपणात गुणांशेजारी सट्ट्याचे भाव दिसू लागले. २०२३च्या ड्राफ्टच्या दिवशी शॅम्स चरानिया या नावाजलेल्या पत्रकारानं बातमी दिली की दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं नाव पुढे सरकतंय. क्षणात भाव फिरले. त्या क्रमांकावर शार्लट संघानं घेतलं ब्रँडन मिलरला. चरानियाचा त्या वेळी फॅनड्युएल या सट्टा-कंपनीशी करार होता. गैरव्यवहार झाला असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि कंपनीनंही कसलाही संबंध नाकारला. पण बातमी देणाऱ्यानं सट्टा चालवणाऱ्याचे पैसे घ्यावेत, ही व्यवस्थाच मुळात सडकी आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ड्रीम११चं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून गेलं. माजी खेळाडू एका हातानं समालोचन आणि दुसऱ्या हातानं अशा अ‍ॅपची जाहिरात करत होते, ते निदान थांबलं.

मग अमेरिकेकडून घेण्यासारखं काही नाही का? आहे, आणि ते ओरडणाऱ्यांच्या टेबलापासून फार लांब आहे. फिनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्या वागणुकीबद्दल नोव्हेंबर २०२१मध्ये एक सविस्तर शोधवृत्त आलं. त्यासाठी क्लबच्या ७०हून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलणं झालं होतं. लीगनं चौकशी केली, वर्षभराची बंदी आणि १ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि सार्व्हर यांना संघ विकावा लागला. हे वृत्त दिलं होतं त्याच ईएसपीएननं. मालकाला हात लावणारी ती पत्रकारिता शांत होती, आणि तिला महिनोन्‌महिने लागले. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे एमव्हीपीसाठी कोणी कोणाला मत दिलं ते लीग नावानिशी जाहीर करते. वाचक त्या पत्रकाराला जाब विचारू शकतो. आपल्या निवड समितीच्या बैठकीबद्दल आपल्याला काय कळतं?

पण ग्रुपवर मी हे लिहितो तेव्हा खरं तर मला नागपूरबद्दल बोलायचं असतं. ३० जानेवारी २०२५ला विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला. मैदान तुडुंब, सगळ्या वाहिन्यांवर तेच. तो ६ धावांवर त्रिफळाचित झाला. त्याच मोसमात आपल्या विदर्भानं जामठ्याला उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं. पार्थ रेखडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद केलं. हर्ष दुबेनं मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला तो विक्रम आहे. यश राठोडनं ९६० धावा काढल्या. २ मार्चला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. ग्रुपवर त्या महिन्यात हर्ष दुबेचं नाव किती वेळा आलं ते वर जाऊन बघावं. कोहलीच्या त्रिफळ्याची क्लिप मात्र मला प्रत्येकानं पाठवली होती. बोर्डानं त्यासाठी कोणावर जबरदस्ती केलेली नव्हती.

डेन्व्हरमध्ये मला टिकवून धरलं ते स्थानिक वार्ताहरांनी. संघाबरोबर गावोगाव फिरणारी, सरावाला हजर असणारी ही माणसं. मरे २०२१मध्ये गुडघ्याला जबर दुखापत होऊन वर्षभराहून जास्त बाहेर राहिला, तेव्हा तो कसा परत उभा राहतोय हे लॉस एंजेलिसला कोणाला पडलेलं नव्हतं. इथल्या वार्ताहरांनी ते सातत्यानं लिहिलं. वर्तमानपत्रांची अवस्था इथेही बिकट आहे, माणसं कमी होत चालली आहेत, म्हणून मी वर्गणी भरतो आणि ओळखीच्यांनाही भरायला लावतो.

रणजीच्या पुढच्या मोसमात एखाद्या मराठी दैनिकानं आपला वार्ताहर विदर्भाच्या संघाबरोबर पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत फिरवायचं ठरवलं, तर त्याची वर्गणी मी इथून भरेन. ग्रुपवर जे बोर्डाच्या नावानं रोज बोटं मोडतात त्यांच्याकडूनही ती गोळा करून देईन, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे. आतापर्यंत दोघांनी होकार दिला आहे.