सुवर्णमंडप १९५५ चा, तरीही सहल वारशाचीच : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

जपानमधील नारा, क्योटो, इसे आणि हिमेजी येथे मार्गदर्शकासह केलेल्या सहलीवरील माझ्या लेखांवर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आपल्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. मी ज्यांना ऐतिहासिक वास्तू म्हटले त्यांपैकी अनेक मुळात नव्या आहेत, हा पहिला. क्योटोतील किन्काकुजी मंदिराचा सुवर्णमंडप १९५५ चा, इसेचे शिंतो देवस्थान २०१३ चे, ओसाकाचा किल्ला तर सिमेंटचा. मग ज्यांच्या राज्यात अजिंठा आहे त्यांनी एवढा खर्च करून प्रतिकृती पाहायला का जावे, असे आपण विचारले आहे. जिथे रेल्वे आणि पाट्या इतक्या नेटक्या आहेत तिथे मार्गदर्शकाच्या मागे वेळापत्रकाने चालणे हा पैशाचा अपव्यय आहे, हा दुसरा.

आपण दिलेली सर्व साले बरोबर आहेत. माझा मतभेद आहे तो त्या सालांवरून आपण काढलेल्या निष्कर्षाशी. ओसाका, किन्काकुजी आणि इसे या तीन ठिकाणी नवेपणा तीन निरनिराळ्या कारणांनी आलेला आहे, आणि चौथे ठिकाण, म्हणजे होर्यूजी, आपल्या प्रतिक्रियेत आलेलेच नाही. या सहलीत मला सर्वांत मोलाचे वाटले ते तेच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नारा शहराच्या नैर्ऋत्येला इकारुगा गावात असलेले होर्यूजी हे मंदिर राजपुत्र शोतोकु यांनी ६०७ च्या सुमारास स्थापन केले, अशी परंपरा आहे. ते ६७० मध्ये जळाल्याची नोंद जुन्या बखरीत आहे, आणि आज उभी असलेली मुख्य वास्तू व पाच मजली पॅगोडा सातव्या शतकाच्या अखेरीस आणि आठव्याच्या आरंभी पुन्हा बांधले गेले. जगात आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींमध्ये या सर्वांत जुन्या मानल्या जातात. पॅगोडाच्या मधल्या खांबाच्या वाढवलयांचा अभ्यास झाला तेव्हा ते झाड ५९४ मध्ये तोडलेले असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या देशात सगळेच नवे आहे असे आपण म्हणता, तिथे तेराशे वर्षांचे हिनोकी (जपानी सायप्रस) लाकूड अजून भार वाहत उभे आहे.

मात्र ते आपोआप टिकलेले नाही, आणि ही गोष्ट मला विस्ताराने सांगायची आहे. होर्यूजीच्या मुख्य वास्तूच्या भिंतींवर बुद्धलोकांची, म्हणजे बुद्धांच्या पवित्र भूमींची, चित्रे होती. अजिंठ्याच्या चित्रांशी त्यांचे साम्य अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. अजिंठ्याला येऊन तेथील चित्रांच्या नकला करणारे चित्रकार अराइ काम्पो यांनीच पुढे १९४० पासून होर्यूजीच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामात भाग घेतला. हे काम आणि वास्तूची दुरुस्ती चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी तिथे आग लागली व मूळ भित्तिचित्रे होरपळून त्यांचे रंग कायमचे गेले. वरच्या भागाचे लाकूड दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेले होते, म्हणून तेवढे वाचले. या धक्क्यातून १९५० मध्ये जपानचा सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेव्हापासून काही वर्षांतच वारसावास्तूंच्या अग्निसुरक्षेचा दिवस ठरला. त्या दिवशी देशभरच्या मंदिरांत आग विझवण्याचा सराव केला जातो. जळालेले खांब आणि काळवंडलेल्या भिंती टाकून न देता मंदिराच्या आवारातच एका स्वतंत्र इमारतीत जपून ठेवल्या आहेत. आज मुख्य वास्तूत जी चित्रे दिसतात ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, १९३५ मध्ये काचपट्ट्यांवर घेतलेल्या छायाचित्रांच्या आधाराने काढलेली आहेत, हे कुणी लपवून ठेवत नाही. जुने कोणते आणि नवे कोणते, याचा हिशेब इतका उघड ठेवणारा देश पर्यटकाला प्रतिकृती दाखवून फसवतो, असे मला म्हणवत नाही.

किन्काकुजीबाबतही हेच. २ जुलै १९५० रोजी तिथल्याच एका तरुण भिक्षूने तो मंडप जाळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस झालेल्या दुरुस्तीच्या वेळी केलेली मोजमापांची तपशीलवार रेखाटने शिल्लक होती, त्यांवरून १९५५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि १९८७ मध्ये त्यावर अधिक जाड सुवर्णपत्रा चढवला गेला. आपला आक्षेप जपानच्या कायद्याने आधीच मान्य केलेला आहे. आगीपूर्वी त्या मंडपाला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा होता, नव्या मंडपाला तो दिलेला नाही. भोवतीची बाग मात्र विशेष ऐतिहासिक स्थळ म्हणून संरक्षित आहे, कारण तळे आणि त्याची मांडणी जुनी आहे. नारातील तोदाइजी मंदिराच्या महाबुद्धाचे सभागृह ११८० आणि १५६७ अशा दोन आगींत गेले. आजचे सभागृह १७०९ मध्ये पूर्ण झालेले आहे, तेही मूळच्या अकरा खणांऐवजी सात खणांचे, कारण तेवढे लाकूड आणि पैसा उभा राहिला नाही. त्या वास्तूला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. हा भेद सरकारी सोयीसाठी केलेला नसून प्रत्येक वास्तूच्या प्रत्यक्ष वयावर आणि कामाच्या दर्जावर ठरलेला आहे.

इसेचा प्रश्न मुळातच वेगळा आहे. तिथली वास्तू जळाली म्हणून नव्याने बांधत नाहीत; ती दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तशीच बांधायची, देवतेला तिथे न्यायचे आणि जुनी उतरवायची, हा विधीच आहे. तो ६९० मध्ये सुरू झाला, यादवीच्या काळात शंभराहून अधिक वर्षे खंडित झाला, सोळाव्या शतकात पुन्हा चालू झाला, आणि २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा पार पडला. खांब दगडी जोत्यावर नसून थेट जमिनीत रोवलेले असतात आणि छप्पर गवताचे असते, त्यामुळे अशी वास्तू शतकानुशतके टिकणे शक्यच नाही. पण वीस वर्षांच्या अंतरामुळे एक सुतार तरुणपणी हाताखाली काम करतो, मध्यम वयात स्वतः काम अंगावर घेतो आणि म्हातारपणी दुसऱ्यांना शिकवतो. लागणाऱ्या लाकडासाठी देवस्थानाने १९२३ मध्ये दोनशे वर्षांचा वृक्षलागवडीचा आराखडा आखला. त्यात लावलेल्या झाडांचे पूर्ण वाढलेले लाकूड पाहायला लावणाऱ्यांपैकी कुणीही असणार नव्हते. उतरवलेल्या वास्तूचे मोठे खांब आधी देवस्थानाच्याच तोरणांना (लाकडी प्रवेशकमानींना) आणि नंतर देशातल्या इतर देवळांना जातात. २०३३ च्या पुढील स्थलांतराचे विधी २०२५ मध्ये सुरूही झाले आहेत. याला प्रतिकृती म्हणणे मला पटत नाही, कारण प्रतिकृतीला कुठेतरी एक मूळ वस्तू असावी लागते, आणि इसेत जे अखंड राहिले आहे ते काम स्वतःच आहे.

आपण अजिंठ्याचे नाव घेतलेत म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. लेणे दगडात कोरलेले असल्यामुळे ते टिकले. लाकडाच्या बाबतीत आपला अनुभव पुण्यात शनिवारवाड्याच्या रूपाने डोळ्यांसमोर आहे. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले गेले आणि आज आपण जोते, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा पाहून आत काय असेल याची कल्पना करतो. तो वाडा पुन्हा बांधावा असे माझे म्हणणे नाही. लाकडी इमारतींच्या देशाला दगडाचे माप लावले तर हाती फक्त जोतीच उरतील, एवढेच मला सांगायचे आहे. १९९४ मध्ये नारा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वारशाचा अस्सलपणा कसा ठरवावा यावर जो दस्तऐवज तयार झाला, त्याने हेच मान्य केले : साहित्याबरोबर रचना, उपयोग, परंपरा आणि तंत्र यांचाही विचार झाला पाहिजे, आणि तोही त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात.

ओसाकाचा बुरूज १९३१ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटमध्ये बांधला गेला, आत उद्वाहन आहे, आणि आतले दालन संग्रहालय म्हणून चांगले आहे. सतराव्या शतकाचा किल्ला पाहायचा असेल तर हिमेजीला जावे. तिथला मुख्य मनोरा १६०९ चा आहे, त्याचे खांब आजही लाकडाचेच आहेत आणि जिने इतके उभे आहेत की गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा.

आता मार्गदर्शकाबद्दल. जपानमध्ये एकट्याने फिरता येते, हे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. क्योटोतील फुशिमी इनारी देवस्थानाच्या तोरणांखालून डोंगर चढायला किंवा क्योटोतल्या गल्ल्यांतून हिंडायला कुणाचीही गरज नाही. पण पाटीवर साल असते, त्या सालामागची घडामोड नसते. होर्यूजीत आमच्या मार्गदर्शक बाईंनी खांबांच्या तळाशी बसवलेले नव्या लाकडाचे तुकडे दाखवले आणि दुरुस्तीत घातलेल्या लाकडावर दुरुस्तीचे वर्ष उमटवण्याची पद्धत समजावून सांगितली, तेव्हा तोच खांब वाचता येऊ लागला. नारातील याकुशीजी मंदिरात ७३० चा पूर्वेकडचा पॅगोडा आणि निशिओका त्सुनेकाझु या मुख्य सुताराच्या देखरेखीखाली १९८१ मध्ये उभा राहिलेला पश्चिमेकडचा पॅगोडा समोरासमोर पाहताना त्यांनी आम्हाला मुद्दाम बराच वेळ दिला. लाकूड काळाने दबत जाते हे धरून नवा पॅगोडा किंचित उंच ठेवला आहे, हे मला पाटीवरून कळले नसते. तोदाइजीतल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ मध्ये भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूने रंगवून उघडले, आणि ती लेखणी आजही शोसोइन या प्राचीन भांडारात आहे, हेही तिथे उभे राहून ऐकण्यात वेगळा अर्थ होता.

सहलीचा क्रमही त्यांनीच ठरवला होता : आधी होर्यूजी, मग नारा, नंतर इसे आणि क्योटो, शेवटी हिमेजी. एकट्याने जाणारा प्रवासी बहुधा किन्काकुजीपासून सुरुवात करतो, कारण चित्र त्याचेच पाहिलेले असते, आणि मग आपल्याला पडला तोच प्रश्न त्याला पडतो. खरोखर जुने आधी पाहिले की नंतरचे नवे कशासाठी बांधले आहे हे समजते. सर्व दिवसांसाठी मार्गदर्शक घेणे आपल्याला महाग वाटत असेल तर तो निदान होर्यूजी आणि याकुशीजी या एका दिवसासाठी घ्यावा. दोन्ही ठिकाणे नारातून एका दिवसात होतात, फक्त होर्यूजीला सकाळी लवकर पोहोचावे आणि तिथल्या संग्रहालयासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.