दगडच तर आहे म्हणे!

किती वेळा सांगायचं लोकांना, भिंतींवर नावं कोरू नका! अमेरिकेत यूटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कात गेलं की याच एका गोष्टीने माझं डोकं फिरतं. पार्कच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि नदीकाठच्या पायवाटेने नॅरोजकडे, म्हणजे नदीच्या पाण्यातूनच चालायच्या अरुंद घळीकडे निघायचं. अजून पाण्यात पायही पडलेला नसतो, तोवर लाल खडकावर हाताच्या उंचीला सुरू होतं: आद्याक्षरं, बदाम, बाण, तारखा. एका ठिकाणी तर कुणीतरी आपल्या इन्स्टाग्रामचं नाव कोरून ठेवलंय!

यावेळी तर कानावर चक्क मराठी आलं. सात-आठ वर्षांचा मुलगा गोट्याने भिंतीवर नाव खरवडतोय आणि बाबा कौतुकाने व्हिडिओ काढतायत. 'ट'ची शेपटी नीट यावी म्हणून पोरगं पुन्हा पुन्हा तिथेच घासत होतं, खाली लाल भुगा पडत होता. मी म्हटलं, "अहो दादा, थांबवा ना त्याला." तर म्हणे, "ताई, लहान आहे हो तो. आणि दगडच तर आहे!"

दगडच तर आहे? ज्युरासिक काळातल्या वाळवंटातल्या टेकड्या आहेत त्या, दबून दबून खडक झालेल्या. वय 18 कोटी वर्षांच्या आसपास. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थर नव्हे तो. वाळूचे कण एकमेकांना जेमतेम धरून आहेत, म्हणून तर व्हर्जिन नदीने तो हजार-हजार फूट खोल कापला, आणि म्हणूनच पोराच्या गोट्यानेही तो निघतो. कोरलेलं पुसता येत नाही. स्वयंसेवक बिचारे घासत बसतात, म्हणजे अक्षर जितकं खोल तितका आजूबाजूचा खडकही घालवायचा! वर्षाला 45 लाखांहून जास्त माणसं येतात तिथे. एकाने कोरलं की शेजारी दुसरा सुरू.

वर काहीजण ऐकवतात, जुन्या लोकांनीही चित्रं कोरलीच होती की! अहो, सदर्न पाययूट या तिथल्या मूळ रहिवाशांची भूमी आहे ती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांच्या खुणांशी तुमची बरोबरी? तुम्ही चार तास आलात, सेल्फी काढलात, निघालात. गडांवरची नावं बघून फेसबुकवर हळहळणारेही आपणच ना?

हा फेडरल गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 डॉलरपर्यंत दंड. यापुढे मी विनवण्या करणार नाही. कोरताना दिसलात की फोटो काढून थेट रेंजरला दाखवणार, मग तुम्ही मराठी असा नाहीतर आणखी कुणी. वाईटपणा आला तर येऊ दे.