मंगळावर जायचं तर आधी माती करावी लागेल

शुभांशू शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांच्या सामानात मेथी आणि मुगाचं बियाणं होतं. १९८४ च्या राकेश शर्मांनंतर आपला दुसरा माणूस वर गेला म्हटल्यावर रॉकेट, यान, समुद्रात उतरणं, सगळ्याची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. मेथीबद्दल मात्र फारसं कोणी बोललं नाही. मला विचाराल तर त्या मोहिमेतली भविष्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ती मेथीच होती.

मी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला माती-पाणी तपासणीची लॅब चालवतो. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (ऑरगॅनिक कार्बन), चुनखडी हेच माझं रोजचं जग. त्यामुळे माणूस दुसऱ्या ग्रहावर राहायला जाणार का, असा विषय निघाला आणि सगळे इंजिन, इंधन, तिकिटाची किंमत यावर बोलायला लागले की मला राहवत नाही. रॉकेट होईल हो. तिथं पोचवायचं काम इंजिनिअर करतील, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. पण पोचल्यावर राहायचं कसं, हे काम मातीवाल्यांचं आहे आणि त्याला जगात अजून म्हणावा तसा हात लागलेला नाही.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर २’ नावाचा प्रयोग झाला होता. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं तीन एकरांच्या एका बंदिस्त काचघरात राहायला गेली. आत शेती, छोटंसं जंगल, पाणी, जनावरं सगळं होतं. दोन वर्षं बाहेरून काही घ्यायचं नाही, अशी अट. हळूहळू आतला प्राणवायू उतरायला लागला. एकवीस टक्क्यांच्या जवळ असायला हवा तो चौदाच्या आसपास आला. माणसांना धाप लागायला लागली आणि शेवटी १९९३ च्या सुरुवातीला बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

झालं काय होतं? पीक जोमात यावं म्हणून आतल्या मातीत भरपूर कंपोस्ट घातलं होतं. ते खाऊन जिवाणू फोफावले आणि प्राणवायू ओढायला लागले. बदल्यात त्यांनी जो कार्बन डायऑक्साइड सोडला, तो झाडांना पुरता मिळालाच नाही, कारण आतलं काँक्रीट तो शोषून घेत होतं. काँक्रीटमध्ये त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होत गेलं, म्हणजे आपली चुनखडी. निफाड-दिंडोरीतल्या शेतकऱ्याच्या रिपोर्टमध्ये ज्या आकड्याखाली मी लाल रेघ मारतो, तीच. आठ माणसांचा श्वास भिंतींमध्ये चुनखडी होऊन बसला होता. हे पृथ्वीवर घडलं, दार उघडून बाहेर येता येत होतं तिथं. मंगळावरून मदत मागितली तर मदतीचं यान निघायलाच कधी कधी दोन वर्षं लागतील, कारण तिकडे जाण्याचा सोयीचा काळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येतो आणि त्यानंतरचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा.

मग चंद्राच्या मातीत काही उगवतं का? उगवतं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अपोलो मोहिमांमधून आणलेल्या खऱ्या चंद्रमातीत मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप लावलं. त्याचा निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका रोपाच्या वाट्याला जेमतेम ग्रॅमभर माती. बी दोन-तीन दिवसांत छान उगवलं. पण आठवडा व्हायच्या आत मुळं खुंटली, काही रोपांवर लालसर झाक आली. रोपांची जनुकं तपासली तेव्हा क्षार आणि धातूंचा ताण पडल्यावर झाड जसं वागतं, तसंच ते वागत होतं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या द्राक्षबागा आठवल्या. क्षार वाढले, पाणी खराब झालं, वेल सुकायला लागले तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याने काय केलं? सगळी जमीन बदलणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. त्याने खाली डॉगरिजचा खुंट लावला आणि त्याच्यावर आपल्या थॉमसन द्राक्षाचं कलम बांधलं. क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारं मूळ खाली, हवं ते फळ वर. अख्ख्या जिल्ह्याची बागायती या एका बदलाने तगून राहिली आहे. दुसऱ्या ग्रहावरची शेतीसुद्धा याच वाटेने जाईल असं मला ठामपणे वाटतं.

म्हणूनच मंगळाचं सगळं वातावरणच बदलून टाकू, त्याला पृथ्वीसारखा करू, असं कोणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्काही दाबाची नाही. हवा दाट करायला लागेल इतका कार्बन डायऑक्साइड मंगळावर शिल्लकच नाही, हा हिशेब २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. वर मातीत परक्लोरेट. फिनिक्स यानाने २००८ मध्ये ते शोधलं, प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. हे क्षार माणसाच्या थायरॉइडला घातक असतात. पण ते पाण्याने धुऊन निघतात आणि त्यांचं विघटन करणारे जिवाणू पृथ्वीवर आहेत. म्हणजे एका बंद शेडपुरती माती सुधारता येईल. आधी तेवढी तर करू.

शरीराचा प्रश्न वेगळाच. वजनरहित अवस्थेत हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्याने कमी होते, एवढं स्थानकावरच्या अनुभवातून कळलं आहे. कमी गुरुत्वात, म्हणजे चंद्रावर किंवा मंगळावर, माणूस वर्षानुवर्षं राहिला तर काय होईल? माणसाच्या गाठीशी असलेला सगळ्यात मोठा अनुभव अपोलो १७ चा, डिसेंबर १९७२ मधला. दोन माणसं, सुमारे ७५ तास. तिथं मूल जन्माला येऊ शकतं का, हे जगात कोणालाही सांगता येत नाही. ते कळेपर्यंत ‘वसाहत’ म्हणायची घाई करू नये.

काही मित्र म्हणतात, आधी इथली पृथ्वी सांभाळा. त्यांची तळमळ मला कळते, पण ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. अवकाश स्थानकावर आज घाम, लघवी, हवेतला दमटपणा मिळून ९८ टक्के पाणी परत वापरता येतं. आणि गोदावरीत काय मिसळतं, ते रामकुंडावर उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. ज्यांना थेंब न् थेंब परत मिळवल्याशिवाय जगताच येणार नाही, ते जे शिकतील त्याची गरज आपल्यालाच सगळ्यात जास्त आहे. उलट, पृथ्वी बिघडली तर मंगळावर निघून जाऊ, हे म्हणणं मला रागच आणतं. आपली कितीही खराब झालेली जमीन मंगळाच्या सगळ्यात चांगल्या जमिनीपेक्षा हजारपट जिवंत असेल.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचं अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर माणूस, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. आनंदच आहे. पण सोव्हिएत रशियाने १९७२ मध्येच सायबेरियात बंदिस्त घर बांधून त्यात माणसं महिनोन् महिने ठेवली. चीनने २०१८ मध्ये बीजिंगला ३७० दिवसांचा असा प्रयोग पूर्ण केला. आपल्याकडेही तशी सोय हवी आणि तिच्यात कृषी विद्यापीठांचा वाटा इस्रोच्या बरोबरीचा हवा. चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातला दगड दळून चंद्रासारखी माती केली होती. तो चंद्राच्या उंच भागातल्या दगडासारखा. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग मात्र बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडाचा आहे, आणि महाराष्ट्रातला आपला बहुतेक सह्याद्री बेसाल्ट. आपली काळी जमीन याच दगडाची झाली. पाऊस, मुळं आणि जिवाणूंनी ती लाखो वर्षं घडवली. हेच काम तिथं थोड्या वर्षांत कसं करायचं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा कच्चा माल आपल्या खडी क्रशरवर ढिगाने पडलेला असतो.

म्हणून जिल्ह्यातल्या कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आणि शाळांना विनंती. क्रशरवरची बारीक कच आणा. चंद्राची माती हुबेहूब अशी नाही, तिचे कण जास्त धारदार आणि काचमिश्रित असतात, पण सुरुवातीला ही चालेल. एका कुंडीत नुसती कच, दुसरीत थोडं कंपोस्ट, तिसरीत जिवाणू कल्चर. तिन्हींत मेथी पेरा. पाणी मोजून घाला, लिहून ठेवा. मेथी काढून झाली की त्याच कचीत पुन्हा पेरा, मग पुन्हा. प्रत्येक पिकानंतरचा नमुना माझ्याकडे पाठवा, सेंद्रिय कर्ब आणि क्षारता मी तपासून देईन, पैसे घेणार नाही. ज्यांना करायचं आहे त्यांनी इनबॉक्समध्ये शाळेचं किंवा कॉलेजचं नाव कळवा.